बर्फापासून दूर नऊ महिने

ऑस्ट्रियातल्या सोल्डेनच्या हिमनदीवर ऑक्टोबरच्या अखेरीस अल्पाइन स्कीइंगच्या विश्वचषक शर्यती सुरू होतात आणि मार्चच्या शेवटी संपतात. कुमार गटाचं वर्षही साधारण याच चौकटीत बसतं. त्यामुळे जानेवारीत एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, की शस्त्रक्रियेच्याही आधी घरात, संघात आणि तिच्या स्वतःच्या डोक्यात एक हिशोब मांडला जातो. जानेवारी ते ऑक्टोबर नऊ महिने, म्हणजे पुढचा हंगाम सापडतो. दुखापत मार्चमध्ये झाली असेल तर सातच महिने उरतात, आणि मग सात महिन्यांत गुडघा तयार करण्याचे बेत आखले जातात. नोव्हेंबरमध्ये झाली असेल तर कुणालाच घाई नसते. गुडघा तोच, इजा तीच, भरून येण्याची गतीही तीच. बदलते ती फक्त शर्यतीची तारीख. तरुण स्कीपटूच्या बरं होण्याबद्दल बोलताना मला सगळ्यात आधी या हिशोबालाच हरकत घ्यायची आहे. परतण्याची तारीख ही या काळात ठरणारी शेवटची गोष्ट असायला हवी. खरा इलाज आहे तो मधल्या अडीचशे-पावणेतीनशे दिवसांत. हे दिवस साधे असतात, एकसारखे असतात, कंटाळवाणेही असतात. पण ते कसे जातात यावर पुढची शर्यत अवलंबून असते, आणि त्या मुलीचा पस्तिशीतला गुडघासुद्धा.

या अस्थिबंधाचं नाव अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट. खेळाडू त्याला नुसतं 'एसीएल' म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकस बांधून ठेवणारा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पीळ बसताना त्याला आवरतो. स्कीइंगमध्ये तो इतक्या वेळा का तुटतो, याचं बरंचसं उत्तर पायातल्या साधनांत आहे. स्कीचा कडक बूट घोट्याला पूर्ण जखडतो. घोटा वळत नाही, म्हणून सगळा पीळ वर गुडघ्यात जातो. पायाखालची लांब स्की त्या पिळाला तरफेचं बळ देते. बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग ठराविक जोर आला की सुटतं, आणि या सुधारणेमुळे नडगी मोडण्याचं प्रमाण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात खूप खाली आलं. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात शुगरबुश इथे रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी १९७२ पासून कित्येक दशकं स्कीइंगच्या दुखापतींची नोंद ठेवली. त्या नोंदींतून दिसलं ते असं, की नडगी वाचली, गुडघ्यातला हा बंध मात्र तसा वाचला नाही. बाइंडिंगला जो जोर कळतो तो वेगळा आणि एसीएल तोडणारा जोर वेगळा.

शर्यतीच्या वेगात हे आणखी बिकट होतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ आणि ऑस्लोचं क्रीडा-दुखापत संशोधन केंद्र यांनी २००६ मध्ये विश्वचषक खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद सुरू केली. पहिल्या हंगामांच्या अभ्यासात दर १०० खेळाडूंमागे एका हंगामात सुमारे ३७ दुखापती आढळल्या. सर्वाधिक मार गुडघ्याला होता, आणि एकेका निदानाचा विचार केला तर एसीएल तुटणं सगळ्यात पुढे होतं. पुढे याच गटातल्या संशोधकांनी शर्यतींत एसीएल तुटलेल्या २० प्रसंगांची चित्रफीत क्षणाक्षणाने तपासली. सर्वाधिक वेळा घडलं ते असं: वळणावर बाहेरच्या स्कीची पकड सुटते, पाय सरळ होतो, आणि मग तिची आतली कड अचानक बर्फात रुतून गुडघा आत वळतो. बहुतेक प्रसंगांत खेळाडू अजून स्कीवरच असतो. बंध आधी तुटतो आणि खेळाडू पडतो नंतर. २०२४-२५ च्या हंगामापासून वेगाच्या शर्यतींत एअरबॅग सक्तीची झाली, ती छाती, पाठ आणि मान यांसाठी आहे. गुडघ्यासाठी असं कवच अजून नाही. म्हणजे या खेळात उतरणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या वाट्याला कधी ना कधी हे नऊ महिने येणार, हे धरूनच चाललं पाहिजे. तरीही प्रशिक्षण चढउतारांचं, वळणांचं, वेगाचं मिळतं. दुखापतीनंतरचे दिवस कसे काढायचे याची तयारी मात्र कुणी करून घेत नाही.

शस्त्रक्रियेत तुटलेला बंध बहुधा शिवत नाहीत. खेळाडूच्याच शरीरातून, गुडघ्याच्या वाटीखालून किंवा मांडीच्या मागून-पुढून, कंडराचा एक तुकडा घेऊन तो नव्या बंधासारखा हाडांत बसवतात. वाढीचं वय संपलेलं नसेल, म्हणजे बारा-चौदा वर्षांचं मूल असेल, तर हाडाच्या वाढीच्या थराला धक्का लागू नये म्हणून शल्यविशारदाला वेगळी पद्धत निवडावी लागते. त्यानंतर शरीरात जे घडतं ते सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे. बसवलेला तुकडा पहिल्या दिवशी बऱ्यापैकी मजबूत असतो. मग त्यातल्या मूळ पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि या फेरबदलात तो आधीपेक्षा कमकुवत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास तो सगळ्यात नाजूक असतो. नेमक्या याच सुमारास सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात, दुखणं जवळपास थांबलेलं असतं आणि मुलीला वाटू लागतं की आपण बऱ्या झालो. दुखत नाही म्हणजे बरं आहे, ही आपल्या सगळ्यांची जन्माची समजूत. या एका दुखण्यात ती सरळसरळ धोका देते. नव्या बंधाला खऱ्या बंधाचं रूप यायला एक वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

या काळातला रोजचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला अगदीच किरकोळ वाटेल. पहिल्या आठवड्यांत मुलीचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं: गुडघा पूर्ण सरळ करणं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्यायचा, दिवसातून अनेकदा. त्या जोडीला मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, काही सेकंद धरायचा, सोडायचा. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन महिन्यांपूर्वी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने डोंगर उतरणारी मुलगी आपल्या मांडीकडे टक लावून पाहते आणि स्नायू हलत नाही. तो स्नायू तुटलेला नसतो; सांध्यात सूज असली की मज्जासंस्था त्याला मिळणारा हुकूमच रोखून धरते. काही दिवसांतच मांडी डोळ्यांना दिसण्याइतकी बारीक होते. हा स्नायू परत जागा करणं ही पुढच्या सगळ्या महिन्यांची पायाभरणी आहे. मग सायकल येते, आधी अर्धी फेरी, मग पूर्ण. पाण्यातले व्यायाम, पायाने वजन ढकलणं, एका पायावर उभं राहणं, एका पायावर बसणं-उठणं. चौथ्या-पाचव्या महिन्यात हलकं धावणं, मग उड्या, मग उडी मारून एका पायावर थांबणं. बर्फावर पहिलं पाऊल सहसा सहा-सात महिन्यांनंतर पडतं, तेही सौम्य उतारावर, मोकळ्या वळणांसाठी, शर्यतीच्या खांबांच्या वाऱ्यालाही उभं न राहता. खांबांमधून जाणं त्यानंतर, आणि सुपर-जी व डाउनहिल यांसारख्या वेगाच्या प्रकारांची पाळी सगळ्यात शेवटी.

मधल्या काळात संघ उन्हाळी सरावाला हिमनद्यांवर किंवा चिली, न्यूझीलंडसारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशांत गेलेला असतो. घरी राहिलेल्या मुलीच्या दिवसात व्यायाम दोन-तीन तासांचा. उरलेले तास मोकळे. हे मोकळे तास म्हणजे वाया गेलेला वेळ, असं जवळपास सगळेच समजतात, आणि मला वाटतं इथेच बरं होण्याचा निम्मा भाग हातचा निसटतो. झोपेचंच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाळकरी खेळाडूंच्या एका अमेरिकी अभ्यासात रोज आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट दिसली. त्यातून झोपेमुळेच दुखापत टळते असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण वाढत्या शरीराची दुरुस्ती झोपेत होते याबद्दल वाद नाही, आणि हंगामात पहाटे चारला उठून लिफ्टच्या रांगेत उभं राहणाऱ्या मुलीला पोटभर झोप फक्त याच काळात मिळते. खाण्याचंही तसंच. हालचाल थांबली म्हणून वजन वाढेल या भीतीने कित्येक मुली जेवण तोडतात, आणि स्नायू परत उभा करायला लागणारी प्रथिनं नेमकी याच महिन्यांत कमी पडतात. आणि शाळा. हिवाळाभर अर्धवट राहिलेला अभ्यास या काळात मार्गी लागतो. ऑस्ट्रियातलं श्टाम्सचं स्की विद्यालय किंवा अमेरिकेची स्कीपटू मिकेला शिफ्रिन जिथे शिकली ती व्हर्माँटची १९७० मध्ये सुरू झालेली बर्क माउंटन अकॅडमी, अशा संस्थांत शाळा आणि शर्यत एकाच छताखाली असते. जखमी मुलगी तिथे वर्गात, व्यायामशाळेत, चित्रफितींच्या अभ्यासात आणि स्कीला मेण लावण्याच्या खोलीत आपल्या सवंगड्यांबरोबर राहू शकते. एकट्याने घरी बसून बरं होणं आणि माणसांत राहून बरं होणं यांत फार अंतर आहे.

आता घाईविरुद्धचा पुरावा. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. उड्या, वळणं आणि झटके असलेल्या खेळांत परतण्याचा मुहूर्त एकेका महिन्याने पुढे ढकलला तसं गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटत गेलं, आणि हा फायदा नऊ महिन्यांपर्यंत दिसला. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. ताकद आणि उड्यांच्या चाचण्यांत दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के कामगिरी करायची, अशा कसोट्या ज्यांनी परतण्याआधी पार केल्या त्यांच्यापैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. ज्यांनी पार केल्या नाहीत त्यांच्यापैकी ३८.२ टक्क्यांना. १०६ ही संख्या लहान आहे, आणि हे सगळे काही स्कीपटू नव्हते. म्हणून आकडे दशांशासकट शिरोधार्य मानू नयेत. त्यांची दिशा मात्र दुसऱ्या, मोठ्या पुराव्याशी जुळते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्येच झालेल्या एका आढाव्यानुसार शस्त्रक्रियेनंतर या किंवा त्या गुडघ्यातला एसीएल पुन्हा तुटण्याचं एकूण प्रमाण १५ टक्के होतं. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंत ते २३ टक्के. जवळपास चारांत एक. तरुण शरीर लवकर भरून येतं म्हणून ते सुरक्षित, असं आपण मानतो. भरून येणं लवकर होतं, आणि त्यामुळेच ते लवकर मैदानात उतरतं, जास्त जोखीम घेतं, जास्त वर्षं खेळतं, आणि जास्त वेळा मोडतं. शिवाय एसीएल किंवा गादी फाटलेल्या गुडघ्यांपैकी साधारण निम्म्यांत दहा-वीस वर्षांनी झीज दिसू लागते. सतराव्या वर्षी दुखापत झालेल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ पस्तिशी.

यावर पहिला आक्षेप येतो तो विजेत्यांच्या उदाहरणांचा. इटलीची सोफिया गोज्जा २३ जानेवारी २०२२ रोजी कोर्टिनात पडली. गुडघा मुरगळला, क्रुशिएट बंध अंशतः फाटला, पोटरीतल्या बारीक हाडाला किरकोळ तडा गेला. तेवीस दिवसांनी तिने बीजिंग ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं रौप्यपदक मिळवलं. हा पराक्रम आहेच. पण तिचा बंध पूर्ण तुटलेला नव्हता, तिच्यावर एसीएलची नवी शस्त्रक्रिया झालेली नव्हती, आणि ती २९ वर्षांची, धोक्याचा अर्थ पुरता जाणणारी ऑलिंपिक विजेती होती. सतरा वर्षांच्या मुलीला ही कथा सांगायची असेल तर हे सगळं सांगितलं पाहिजे. त्याच खेळातली दुसरी कथा अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनची. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्लाडमिंगच्या जागतिक स्पर्धेत तिच्या उजव्या गुडघ्यातले दोन बंध तुटले आणि नडगीचं वरचं टोक मोडलं. पुढच्या फेब्रुवारीत सोची ऑलिंपिक होतं. नोव्हेंबरमध्ये कॉपर माउंटनवर सराव करताना नवा बंध अंशतः फाटला. तरीही डिसेंबरात ती शर्यतींत उतरली, गुडघा पुन्हा दगा देऊन गेला, आणि जानेवारीत तिला सोचीतून माघार घ्यावी लागली. नऊ महिने झाले होते. तेव्हा नऊ हा आकडाही काही जादूचा नाही, हे यातून समजून घ्यावं. त्यानंतर ती थांबली, २०१४ च्या डिसेंबरात परतली, लेक लुईसला जिंकली आणि पुढच्याच महिन्यात महिलांच्या विश्वचषक विजयांचा विक्रम आपल्या नावावर केला. त्याच उजव्या गुडघ्यात २०२४ मध्ये तिला अंशतः कृत्रिम सांधा बसवावा लागला. त्या सांध्यानिशी ती चाळिशीत पुन्हा शर्यतीला उभी राहिली, हे तिच्या जिद्दीचं लक्षण. पण जिद्द ही औषधाची जागा घेते असं त्यावरून ठरत नाही. जे घाई करून जिंकले त्यांची नावं आपल्याला माहीत असतात. घाई करून संपले त्यांची नावं कुठेच छापून येत नाहीत, कारण ते सतराव्या-अठराव्या वर्षीच संपलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरुण खेळाडूकडे हंगाम मोजकेच असतात. एक गेला तर गुणांच्या यादीतलं स्थान घसरतं, सुरुवातीचा क्रमांक मागे जातो, आणि मागून सुटणाऱ्याला उखडलेल्या, खड्डे पडलेल्या बर्फावर उतरावं लागतं. राष्ट्रीय संघातली जागा जाते, प्रायोजक जातो. यातलं काहीही खोटं नाही. म्हणूनच महासंघाच्या नियमांत जखमी खेळाडूचे गुण बऱ्याच अंशी राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा मानू नये. लारा गुटचं उदाहरण इथे बोलकं आहे. स्वित्झर्लंडच्या या मुलीने २००८ च्या डिसेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, सेंट मॉरिट्झला विश्वचषकाची सुपर-जी जिंकली, आणि दोनच महिन्यांनी जागतिक स्पर्धेत दोन रौप्यपदकं. २००९ च्या सप्टेंबरात सास-फे इथे सरावात तिच्या खुब्याचा सांधा निखळला. अठराव्या वर्षी, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या तोंडावर. सगळा हंगाम गेला, ऑलिंपिक गेलं. २०११ च्या जानेवारीत ती पुन्हा विश्वचषकाची शर्यत जिंकली. २०१६ मध्ये एकूण विश्वचषक, २०१७ मध्ये सेंट मॉरिट्झलाच एसीएलची दुखापत आणि पुन्हा एक लांब विराम, २०२२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण, २०२४ मध्ये दुसऱ्यांदा एकूण विश्वचषक. एका खेळाडूवरून नियम बांधता येत नाही. पण अठराव्या वर्षी गमावलेला एक हंगाम म्हणजे गमावलेलं आयुष्य नव्हे, एवढं सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे. स्कीइंग हा पंचविशीनंतरही बहरणारा खेळ आहे. जिम्नॅस्टिक्ससारखी घाई त्याच्या स्वभावात नाही.

गुडघ्याच्या चाचण्या पार झाल्या तरी एक भाग उरतो आणि तो मोजायला अवघड आहे. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८१ टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५ टक्के. हे अंतर नुसत्या शारीरिक कमतरतेतून उलगडत नाही. मनाची तयारी हा त्यातला मोठा घटक असल्याचं त्याच आढाव्यात दिसलं. मिकेला शिफ्रिनची दुखापत गुडघ्याची नव्हती. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी किलिंग्टनला, विश्वचषकातल्या शंभराव्या विजयाच्या दारात, जायंट स्लालममध्ये ती पडली आणि पोटाच्या बाजूला खोल जखम झाली. जानेवारीच्या अखेरीस ती स्लालममध्ये परतली, फेब्रुवारीत सेस्ट्रिएरला शंभरावा विजयही मिळवला. पण त्याच महिन्यात जागतिक स्पर्धेतल्या जायंट स्लालममधून, जिथे ती गतविजेती होती, तिने माघार घेतली आणि कारण लपवलं नाही: मन अजून तयार नाही. सर्वाधिक विजय मिळवलेल्या खेळाडूने हे उघड म्हणणं कुमार गटातल्या मुलींसाठी फार मोठं आहे. भीती हा भित्रेपणा नव्हे. इजेची स्मृती शरीरात उरलेली असते आणि ती वेळ घेऊनच ओसरते. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये तयार झालेली बारा प्रश्नांची एक प्रश्नावली खेळाडूची ही मानसिक तयारी मोजते. ताकदीच्या चाचणीइतकंच तिला महत्त्व दिलं पाहिजे. या महिन्यांत एक काम मात्र अंथरुणावरूनही करता येतं. शर्यतीआधी स्कीपटू डोळे मिटून, हात वळवत, उताराचं प्रत्येक वळण मनातल्या मनात उतरतात. तो सराव गुडघ्यावाचून चालू ठेवता येतो, आणि परतताना मनाला उतार अनोळखी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात नाजूक वाटते. सहाव्या-सातव्या वर्षापासून स्कीवर असलेल्या मुलीला 'तू कोण' असं विचारलं तर एकच उत्तर माहीत असतं. दुखापत ते उत्तर काढून घेते. अशा वेळी घरातले लोक प्रेमापोटी रोज विचारतात, 'कधी परतणार?' त्या प्रश्नातून मुलीला ऐकू येतं ते असं, की परतेपर्यंत आपण अपुऱ्या आहोत. लारा गुटने २०१७ च्या दुखापतीनंतर मुलाखतींतून सांगितलं आहे, की त्या थांब्यामुळे तिला खेळाडूपलीकडची स्वतः सापडली. याला कुणी म्हणेल की असं पलीकडे पाहायला शिकलेली मुलगी खेळच सोडून देईल. काही जणी सोडतीलही. अठराव्या वर्षी, शांत डोक्याने, धड गुडघ्याने खेळ सोडणं हा अपयशाचा शेवट कसा काय? आणि ज्या परततात त्या भीतीने किंवा कर्तव्याने परतत नाहीत, आवडीने परततात.

तिसरा आक्षेप आपल्या अंगणातला आहे. हे सगळं श्रीमंत देशांचं, फिजिओ दिमतीला असलेल्या मुलांचं. आपल्याकडे स्कीइंग गुलमर्ग, औली, सोलांगच्या उतारांवर तग धरून आहे. गुलमर्गच्या आरिफ खानने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकट्याने भारताचं प्रतिनिधित्व केलं आणि जायंट स्लालममध्ये ४५वं स्थान मिळवलं, ते आल्प्समधल्या सोयींच्या तुलनेत फारच थोड्या बळावर. पण हाच बंध महाराष्ट्रात कबड्डीच्या मैदानावर तुटतो. चढाई करणाऱ्याचा पाय पकडीत अडकतो, अंग एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे वळतो, आणि पुढचा प्रवास तोच असतो. फरक एवढाच, की इथे अनेकदा हाडवैद्याकडे चोळून घेतलं जातं, गुडघ्याला पट्टा चढवला जातो, आणि पुढच्या स्पर्धेत मुलगा पुन्हा चढाईला जातो, कारण दुखणं थांबलेलं असतं. सोयी नाहीत हे खरं. पण वर सांगितलेल्या व्यायामांपैकी पहिल्या दोन महिन्यांच्या बहुतेकांना लागतो एक टॉवेल, एक खुर्ची आणि भिंत. पुरेशी झोप आणि घरातली डाळ, अंडी, दूध यांना परदेशी केंद्र लागत नाही. फिजिओ रोज मिळाला नाही तरी महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवता येतो. सगळ्यात महाग गोष्ट आहे थांबणं, आणि ती आपल्याच हातात आहे.

म्हणून कबड्डी, खो-खो, फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या शिक्षकांना, मंडळांना आणि आईवडिलांना एक विनंती. डॉक्टर आणि फिजिओ यांनी उड्यांना परवानगी दिल्यानंतर, सामन्याचं नाव काढण्याआधी, एक मापपट्टी घ्या. मुलाला किंवा मुलीला चांगल्या पायावर एक लांब उडी मारून त्याच पायावर स्थिर उभं राहायला सांगा आणि अंतर मोजा. मग दुखापत झालेल्या पायावर तेच. दुसरं अंतर पहिल्याच्या नऊ-दशांशापेक्षा कमी भरलं, किंवा उतरताना गुडघा आत झुकला, तर त्या मुलाला खेळवू नका. ही एकच चाचणी पुरेशी नाही, शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिनेही भरलेले हवेत, आणि भीती वाटते का हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारायला हवं. यातलं एक जरी कमी पडत असेल, तर संघाची यादी त्याच्या नावाशिवाय पाठवा.